विश्लेषण : कोरियाच्या आघाडीवरून हाकललेल्या मार्गरिट हिगिन्स पुलित्झरपर्यंत कशा पोहोचल्या?

कोरियात युद्ध सुरू होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. जुलै १९५०च्या मध्यास अमेरिकी लष्कराने ‘न्यूयॉर्क हेराल्ड ट्रिब्यून’च्या २९ वर्षांच्या प्रतिनिधीला आघाडी सोडण्याचा आदेश दिला. त्यांच्या हातून कोणतेही लष्करी गुपित फुटले नव्हते, की बातमीत चूक झाली नव्हती. आघाडीवर महिलांसाठी सोय नाही, एवढेच कारण सांगण्यात आले. सोय म्हणजे स्वच्छतागृह. त्यांना विमानात बसवून टोकियोला परत धाडण्यात आले. त्या होत्या मार्गरिट हिगिन्स. काही दिवसांतच हा आदेश मागे घ्यावा लागला आणि पुढच्याच वर्षी हिगिन्स यांना पत्रकारितेतील पुलित्झर पुरस्कार मिळाला. आंतरराष्ट्रीय वार्तांकनाच्या गटात तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. मात्र ही गोष्ट पुरस्कारापाशी संपत नाही. सेनापतींपर्यंत असलेली जी पोहोच त्यांना कोरियात उपयोगी पडली, तिनेच पुढे व्हिएतनाममध्ये त्यांना अडचणीत आणले.

कोण होत्या मार्गरिट हिगिन्स?

जन्म ३ सप्टेंबर १९२०, हाँगकाँग. वडील आयरिश वंशाचे अमेरिकी, आई फ्रेंच. वडिलांची नोकरी जहाज कंपनीत होती. मार्गरिट सहा महिन्यांच्या असताना त्यांना मलेरिया झाला आणि हवापालटासाठी व्हिएतनाममधील दालात या थंड हवेच्या ठिकाणी नेण्यात आले. पुढे कुटुंब कॅलिफोर्नियातील ओकलंडला स्थायिक झाले. १९२९मध्ये शेअर बाजार कोसळला, वडिलांची नोकरी गेली. आपल्याला पुढे पोटापाण्याचे काय करता येईल, ही चिंता त्या दिवसापासून मनात बसली, असे हिगिन्स यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. आईने एका खासगी शाळेत फ्रेंच शिकवायला घेतले, त्या बदल्यात मुलीला तिथे शिष्यवृत्ती मिळाली.

बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९४१मध्ये पदवी घेऊन त्या न्यूयॉर्कला आल्या. कोलंबिया विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागात तेव्हा मुलींसाठी ठरावीक जागा असत आणि त्या भरल्या होत्या. अभ्यासक्रम सुरू व्हायला काहीच दिवस उरलेले. हिगिन्स यांनी विभागाचा पिच्छा सोडला नाही. गुणपत्रिका आणि शिफारसपत्रे घाईघाईने मागवून घेतली आणि एक जागा रिकामी होताच ती पदरात पाडून घेतली. शिकत असतानाच त्या ‘हेराल्ड ट्रिब्यून’साठी विद्यापीठातल्या बातम्या देऊ लागल्या आणि १९४२मध्ये तिथेच नोकरीला लागल्या. पुरुष युद्धावर गेल्यामुळे त्या काळात अमेरिकी वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत महिलांना जागा मिळू लागल्या होत्या. शहर वार्ताहर म्हणून त्यांचे नाव झाले, पण त्यांना युरोपात जायचे होते. संपादक दाद देईनात, तेव्हा त्या थेट मालकांच्या पत्नी आणि वृत्तपत्राच्या कारभारात मोठे वजन असलेल्या हेलन रॉजर्स रीड यांच्याकडे गेल्या. रीड स्वतः महिलांच्या मताधिकारासाठी लढलेल्या. १९४४मध्ये हिगिन्स यांची युरोपात रवानगी झाली.

अडवणारा जो असेल त्याला वळसा घालून त्याच्याही वरच्याकडे जायचे, ही त्यांची पद्धत इथून पुढे वारंवार दिसते.

दाखाऊच्या फाटकावर

२९ एप्रिल १९४५. म्युनिकजवळच्या दाखाऊ छळछावणीकडे अमेरिकी फौजा सरकत होत्या. हिगिन्स आणि ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’ या लष्करी वृत्तपत्राचे पीटर फर्स्ट एका जीपमधून छावणीशी पोहोचले. आत पहिल्यांदा कोण शिरले यावर पुढे बरेच वाद झाले, पण आत गेलेल्या अगदी पहिल्या अमेरिकी लोकांत या दोघांचा समावेश होता, यात शंका नाही. एसएस पहारेकऱ्यांनी शरणागती पत्करली. हिगिन्स यांना फ्रेंच आणि जर्मन येत होते. तुम्ही मुक्त आहात, हे त्यांनी कैद्यांना त्यांच्या भाषेत सांगितले आणि हजारो हाडकुळ्या माणसांचा लोंढा त्यांच्यावर येऊन कोसळला. त्या वेळी त्यांचे वय २४ होते. या कामगिरीसाठी लष्कराने त्यांचा गौरव केला आणि न्यूयॉर्कच्या महिला पत्रकार संघटनेने वर्षातील सर्वोत्तम परराष्ट्र वार्ताहर म्हणून निवडले.

त्यानंतर न्युरेम्बर्गचे खटले आणि १९४७मध्ये ‘हेराल्ड ट्रिब्यून’च्या बर्लिन कार्यालयाचे प्रमुखपद. सोव्हिएत संघाने बर्लिनची नाकेबंदी केली, तेव्हा जगातल्या सर्वांत मोठ्या बातमीच्या मध्यभागी त्या होत्या. १९५०च्या वसंत ऋतूत त्यांची टोकियोला बदली झाली. बर्लिनच्या मानाने टोकियो म्हणजे शांत गाव. हिगिन्स नाराज होत्या. काही आठवड्यांतच, २५ जून रोजी उत्तर कोरियाच्या फौजांनी सीमा ओलांडली.

सोलमध्ये काय घडले?

२७ जून रोजी हिगिन्स लष्करी विमानाने सोलच्या किम्पो विमानतळावर उतरल्या. सोबत तिघे जण होते : ‘शिकागो डेली न्यूज’चे कीझ बीच, ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे बर्टन क्रेन आणि ‘टाइम’चे फ्रँक गिब्नी. उत्तरेच्या फौजा शहराच्या वेशीवर होत्या. शहराच्या दक्षिणेला हान नदी, त्यावर मोठा पूल. पळण्याची वाट तीच. २८ जूनच्या पहाटे दक्षिण कोरियाच्या सैन्याने तो पूल ठरल्या वेळेच्या आधीच उडवून दिला. पुलावर निर्वासितांची आणि सैनिकांची गर्दी होती, शेकडो माणसे गेली. बीच, क्रेन आणि गिब्नी यांची जीप त्याच वेळी पुलावर होती. पुढच्या ट्रकमधले सैनिक ठार झाले, जीपची काच फुटून क्रेन आणि गिब्नी जखमी झाले. हिगिन्स लष्करी सल्लागारांच्या मुख्यालयात असल्याने मागे राहिल्या होत्या. त्या सकाळी गोळीबार चालू असताना नावेने नदीपार झाल्या आणि सुवोनच्या दिशेने चालू लागल्या. सुवोन तिथून सुमारे ३० किलोमीटरवर.

बातमी हाताशी होती, पण पाठवायची कशी? मोबाइलवरून थेट प्रक्षेपण करण्याची सवय झालेल्या आपल्याला हे समजायला जरा वेळ लागतो. कोरियातून अमेरिकेला बातमी पाठवण्याची सोयच नव्हती. एक तर मिळेल त्या लष्करी विमानाने जपानला जायचे, तिथून बातमी रवाना करायची आणि दुसऱ्या विमानाने परत यायचे. नाही तर टोकियोशी जोडलेल्या मोजक्या लष्करी टेलिफोन लाइनवर, लष्कराचे काम नसेल तेव्हा, रात्री-अपरात्री आपला नंबर लागण्याची वाट पाहायची आणि ओरडून मजकूर सांगायचा. वार्ताहरांची निम्मी ताकद यातच खर्च होई. हिगिन्स जपानला जाऊन बातमी देऊन पुन्हा सुवोनला आल्या.

२९ जून रोजी सुवोनच्या धावपट्टीवर जनरल डग्लस मॅकआर्थर उतरले. पाहणी करून परतताना त्यांनी हिगिन्स यांना आपल्या विमानात जागा दिली. टोकियोपर्यंतच्या प्रवासात मॅकआर्थर यांनी सांगितले, की अमेरिकेचे पायदळ उतरवण्याची शिफारस आपण अध्यक्षांना करणार आहोत. दुसऱ्याच दिवशी अध्यक्ष ट्रुमन यांनी तशी परवानगी दिली. एवढी मोठी बातमी एका तरुण महिला वार्ताहराच्या हाती लागली, हे टोकियोतील अनेक ज्येष्ठ पत्रकारांना रुचले नाही.

स्वतःच्याच वृत्तपत्रातील सहकाऱ्याने का विरोध केला?

‘हेराल्ड ट्रिब्यून’ने कोरियात होमर बिगार्ट यांना पाठवले. बिगार्ट म्हणजे त्या काळातील अव्वल युद्धवार्ताहर. १९४६मध्ये त्यांना पुलित्झर मिळालेले. आता हे युद्ध माझे, तुम्ही टोकियोला परत जा, नाही गेलात तर नोकरी जाईल, असे त्यांनी बजावल्याचे हिगिन्स यांनी लिहून ठेवले आहे. हिगिन्स गेल्या नाहीत. मग दोघे एकाच वृत्तपत्रासाठी, एकमेकांशी जवळपास न बोलता, एकमेकांना मागे टाकण्यासाठी आघाडीवर अधिकाधिक पुढे जाऊ लागले. बिगार्ट यांची बाजूही लक्षात घ्यायला हवी. एका युद्धासाठी एक वार्ताहर हा कार्यालयीन रिवाज होता आणि हिगिन्स यांची नेमणूक टोकियोची होती. पण युद्ध सुरू झाले तेव्हा जागेवर कोण होते, हाही प्रश्न होताच. या स्पर्धेचा फायदा अर्थात वाचकांना झाला.

५ जुलै रोजी अमेरिकी पायदळाची आणि उत्तर कोरियाच्या रणगाड्यांची पहिली गाठ पडली, तेव्हा हिगिन्स जवळच होत्या. अमेरिकी बाझुकांचे गोळे रशियन बनावटीच्या टी-३४ रणगाड्यांवर आपटून निष्फळ ठरत होते. जपानमध्ये आरामात राहिलेली, अपुऱ्या शस्त्रांनिशी पाठवलेली तरुण मुले मागे पळत होती. युद्धात पडलेला पहिला अमेरिकी पायदळ सैनिक म्हणून तेव्हा नोंदवल्या गेलेल्या तरुणाचा मृत्यू हिगिन्स यांनी वृत्तपत्रातून कळवला. आपले सैन्य हरते आहे, का हरते आहे, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. लष्कराचे प्रसिद्धी अधिकारी त्यावर खूश असण्याचे कारण नव्हते.

अशा वेळी जनरल वॉल्टन वॉकर यांचा तो आदेश आला. आडोशाला झुडपे सगळीकडे आहेत आणि सैनिकांनाही तिथे याहून वेगळी सोय नाही, असे हिगिन्स यांचे म्हणणे. त्या टोकियोत पोहोचल्या. तिकडे न्यूयॉर्कहून हेलन रीड यांनी मॅकआर्थर यांच्याकडे दाद मागितली. मॅकआर्थर यांनी तार करून बंदी उठवल्याचे कळवले. ही सवलत एकट्या हिगिन्स यांच्यापुरती नव्हती. कोरियात महिला वार्ताहरांवर असलेली बंदीच उठली. निर्णय नियमाने झाला की ओळखीने, असे विचाराल तर उत्तर ओळखीने, असेच द्यावे लागेल. हिगिन्स यांच्या जागी एखाद्या छोट्या वृत्तपत्राची वार्ताहर असती, तर ती टोकियोतच राहिली असती.

आघाडीवर जाणे म्हणजे काय होते, याची कल्पना येण्यासाठी एक घटना. १२ ऑगस्ट १९५० रोजी वेगवानजवळ सुरुंगावर जीप जाऊन लंडनच्या ‘टाइम्स’चे इयन मॉरिसन, ‘डेली टेलिग्राफ’चे ख्रिस्तोफर बकली आणि संयुक्त राष्ट्रांच्या आयोगावरील भारताचे प्रतिनिधी कर्नल उन्नी नायर यांचा मृत्यू झाला. याच महिन्याच्या सुरुवातीला कर्नल जॉन मायकेलिस यांच्या २७व्या इन्फंट्री रेजिमेंटच्या मुख्यालयावर पहाटे हल्ला झाला, तेव्हा हिगिन्स तिथेच होत्या. एका शाळेच्या इमारतीत हे मुख्यालय होते आणि भिंतींतून गोळ्या आरपार जात होत्या. जखमींची रांग लागली, तशा त्या त्यांना प्लाझ्मा चढवायला मदत करू लागल्या. त्यांनी स्वतःच्या बातमीत याचा उल्लेख टाळला. मायकेलिस यांनीच नंतर वृत्तपत्राला पत्र पाठवून तो केला.

इंचॉनची संध्याकाळ

मॅकआर्थर यांनी शत्रूच्या पिछाडीला, सोलजवळच्या इंचॉन बंदरावर समुद्रातून फौज उतरवण्याचे ठरवले. तारीख १५ सप्टेंबर १९५०. सैन्य उतरवण्यासाठी याहून अवघड जागा शोधून सापडली नसती. इंचॉनला भरती आणि ओहोटीच्या पाण्यातला फरक नऊ-दहा मीटरपर्यंत जातो. म्हणजे जवळपास तीन मजली इमारतीएवढा. ओहोटीला मैलोन् मैल चिखल उघडा पडतो आणि त्यात नौका रुतून बसतात. त्यामुळे सैन्य उतरवायचे तर भरतीच्या मोजक्या तासांतच, आणि त्या दिवशी मुख्य हल्ल्याची भरती संध्याकाळी होती. अंधार पडण्यापूर्वी हाती वेळ थोडा. शिवाय किनारा वाळूचा नाही, दगडी बंधाऱ्याचा. सैनिकांनी शिड्या लावून वर चढायचे.

नौदलाला जहाजावर महिला नको होती. हिगिन्स यांनी पुन्हा अर्जविनंत्या केल्या आणि ‘हेनरिको’ या वाहतूक नौकेवर जागा मिळवली. ‘रेड बीच’ म्हटल्या गेलेल्या भागात मरीन सैनिकांच्या पाचव्या लाटेबरोबर त्या उतरल्या. बंधाऱ्याच्या कडेला पाण्यात पडून राहावे लागले, वरून गोळीबार, मागून आपल्याच येणाऱ्या नौका. एक अवजड नौका बंधाऱ्याशी दबून बसलेल्या सैनिकांच्या अंगावर आली, तो क्षणही त्यांनी टिपला. त्याच रात्री बातमी गेली. त्यानंतर महिलांनी रात्री जहाजावर थांबू नये असा नवा फतवा निघाला. पुरुष वार्ताहर जहाजावर झोपत, हिगिन्स बंदराच्या धक्क्यावर.

डिसेंबरमध्ये चोसिन जलाशयाच्या भागात चिनी फौजांच्या वेढ्यातून मरीन सैनिक कडाक्याच्या थंडीत माघार घेत होते. त्यांच्याबरोबर चालत यायची हिगिन्स यांची इच्छा होती. अधिकाऱ्यांनी त्यांना विमानाने परत पाठवले. या वेळी मात्र दाद लागली नाही.

१९५१चा आंतरराष्ट्रीय वार्तांकनाचा पुलित्झर सहा जणांत विभागून देण्यात आला. हिगिन्स, बिगार्ट, बीच, फ्रेड स्पार्क्स आणि असोसिएटेड प्रेसचे रेल्मन मॉरिन व डॉन व्हाइटहेड. वार्तांकनासाठी पुलित्झर मिळवण्याचा मान त्याआधी १९३७मध्येच ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या अ‍ॅन ओ’हेअर मॅककॉर्मिक यांच्याकडे गेला होता, पण युद्धभूमीवरील वार्तांकनासाठी तो मिळवलेल्या हिगिन्सच पहिल्या. त्यांचे ‘वॉर इन कोरिया’ हे पुस्तक १९५१मध्ये आले आणि भरपूर खपले.

प्रसिद्धीबरोबर कुजबुजही आली. त्यांना बातम्या रूपामुळे मिळतात, अधिकाऱ्यांशी असलेल्या संबंधांमुळे मिळतात, असे सहकारी उघड म्हणत. एका महत्त्वाकांक्षी महिला वार्ताहरावर १९५०मध्ये एक कादंबरी आली आणि नायिका म्हणजे हिगिन्सच, असे सगळ्यांनी गृहीत धरले. त्या स्पर्धेत निष्ठुर होत्या, हे अनेकांनी सांगितले आहे. बिगार्टही होते. त्यांच्याबाबतीत तो गुण ठरला.

व्हिएतनाममध्ये काय बिनसले?

१९५२मध्ये हिगिन्स यांनी हवाई दलाचे जनरल विल्यम हॉल यांच्याशी विवाह केला. बर्लिनमध्ये त्यांची ओळख झाली होती. हिगिन्स यांचा हा दुसरा विवाह. पहिले बाळ जन्मानंतर अवघ्या पाच दिवसांत गेले. पुढे एक मुलगा आणि एक मुलगी झाली. काम थांबले नाही. फ्रँको, टिटो, नेहरू यांच्या मुलाखती, मॉस्कोतील वास्तव्य, त्यावर पुस्तक. वॉशिंग्टनमधील बडे अधिकारी आणि राजकारणी आता त्यांच्या घरी जेवायला येत.

१९६३च्या उन्हाळ्यात त्या व्हिएतनामला गेल्या. अध्यक्ष न्गो दिन्ह दिएम यांच्या राजवटीविरुद्ध बौद्ध भिक्खूंचे आंदोलन पेटले होते. सायगावमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे डेव्हिड हॅलबरस्टॅम, यूपीआयचे नील शीहान, एपीचे माल्कम ब्राउन हे तरुण वार्ताहर होते. युद्ध फसते आहे आणि अधिकारी खोटे आकडे देत आहेत, असे त्यांच्या बातम्या सांगत. हिगिन्स यांनी काही आठवडे देशभर फिरून नेमका उलटा निष्कर्ष काढला. ग्रामीण भागात युद्ध बरे चालले आहे, बौद्धांचे आंदोलन धर्मापेक्षा राजकारणाचे आहे, आणि दिएम यांना हटवले तर अनागोंदी माजेल, असे त्यांनी सहा भागांच्या मालिकेत लिहिले. तरुण वार्ताहरांनी त्यांना सरकारी भोंगा ठरवले. त्यांनी या तरुणांना अननुभवी म्हटले.

नोव्हेंबर १९६३मध्ये लष्करी उठावात दिएम मारले गेले. त्यानंतर सायगावमध्ये सरकारांमागून सरकारे पडत गेली, म्हणजे अनागोंदीचा त्यांचा इशारा खरा ठरला. मात्र रणांगणाचे चित्र हॅलबरस्टॅम आणि शीहान यांनी रंगवले तसेच निघाले. १९६४चा पुलित्झर हॅलबरस्टॅम आणि ब्राउन यांना मिळाला. कोरियात पळणाऱ्या सैनिकांशेजारी बसून लिहिणाऱ्या हिगिन्स यांनी व्हिएतनाममध्ये सेनापतींच्या आकड्यांवर इतका भरवसा का ठेवला? कट्टर साम्यवादविरोध हे एक कारण. दुसरे, मला वाटते, अधिक साधे आहे. १९५०मध्ये वरच्यांचा दरवाजा ठोठावून त्या खाली, खंदकात पोहोचत होत्या. १९६३मध्ये त्या दरवाजाच्या आतच राहायला गेल्या होत्या.

त्याच वर्षी ‘हेराल्ड ट्रिब्यून’ सोडून त्या ‘न्यूजडे’साठी स्तंभलेखन करू लागल्या. ‘अवर व्हिएतनाम नाइटमेअर’ हे पुस्तक १९६५मध्ये प्रसिद्ध झाले.

भारताशी जोडलेला शेवटचा प्रवास

१९६५मध्ये हिगिन्स पुन्हा दौऱ्यावर निघाल्या. व्हिएतनाम, भारत, पाकिस्तान. वय ४५, घरी लहान मुले. या प्रवासात त्यांना ताप येऊ लागला आणि तो हटेना. अमेरिकेत परतल्यावर वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात निदान झाले लीशमनायसिसचे. आपल्याकडे ज्याला काळा आजार म्हणतात, तो याच रोगाचा एक प्रकार. वाळूमाशीच्या चाव्यातून परजीवी शरीरात शिरतो, प्लीहा आणि यकृत सुजते, रक्त कमी होत जाते. बिहार, बंगालने या रोगाचे भयंकर तडाखे सोसले आहेत. त्याचा परजीवी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओळखला गेला, तोही भारतातील रुग्णांमुळेच, आणि कोलकात्याचे उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी त्यावर औषध तयार केले होते. हिगिन्स यांच्यावर मात्र उपचारांचा उपयोग झाला नाही. ३ जानेवारी १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत, सैनिकांच्या रांगांमध्ये त्यांना दफन करण्यात आले.

अमेरिकी टपाल खात्याने २००२मध्ये चार महिला पत्रकारांवर तिकिटे काढली, त्यात नेली ब्लाय, आयडा टार्बेल आणि एथेल पेन यांच्यासोबत हिगिन्स आहेत. दक्षिण कोरियात त्यांची आठवण अधिक ठसठशीत आहे. भूत पकडणारे मरीन हे तिथल्या मरीन दलाचे बिरुद हिगिन्स यांच्या एका बातमीशी जोडले जाते. २०१०मध्ये, युद्धाला ६० वर्षे झाली तेव्हा, दक्षिण कोरिया सरकारने त्यांना मरणोत्तर राजनैतिक सन्मान दिला. तो त्यांच्या कुटुंबीयांनी सोलमध्ये स्वीकारला.